पहिल्या हाकेची तर

धक्क्याच्या टोकाला तो धोंडा दिसतोय ना, कमरेएवढा उंच आणि मध्ये झिजून बारीक झालेला? त्याला आम्ही बिनगाठीचा धोंडा म्हणतो. माझी होडी त्यालाच बांधलेली आहे. बांधलेली म्हणायचं आपलं, दोराचे नुसते वेढे दिलेले आहेत. कांदळवेळच्या तरीवर, म्हणजे माणसं होडीने खाडीपलीकडे नेतात त्या ह्या उतारावर, होडीच्या दोराला गाठ मारत नाहीत. दोन-चार वर्षांनी एखादी मोठी भरती येते आणि होडी घेऊन जाते. मग मी खाडीच्या तोंडापर्यंत तिला शोधत फिरतो आणि घरी बायको माझ्या नावाने बोटं मोडते. तरी गाठ नाही.

बसा तुम्ही. गाडीचं पंक्चर निघायला वेळ लागेल, आमचा पंक्चरवाला चहा प्यायल्याशिवाय जॅकला हात लावत नाही. मघापासून तुमचं 'हॅलो, हॅलो' चाललंय ते ऐकतोय मी. रेंज फक्त त्या धोंड्यापाशी येते, तीही वारा पलीकडून असला तर. आणि मी असा येरझाऱ्या घालतोय त्याकडे लक्ष देऊ नका. आमच्या घराण्यात कोणाला एका जागी बसवत नाही. का बसवत नाही, तेच तर सांगायचं आहे.

तुम्ही गावात कोणाला फोन लावलात तर एक गंमत तुमच्या लक्षात येईल. इथे फोन उचलल्यावर कोणी हॅलो म्हणत नाही. 'येतंय' म्हणतात, म्हणजे येतो, निघालोच. गॅसच्या ऑफिसातल्या बाईने एका म्हातारीला विचारलं होतं, "कुठे येताय आजी? सिलिंडर आम्ही पाठवतोय." मुंबईत राहणारी आमची पोरंसुद्धा तिथल्या फोनवर चुकून 'येतंय' म्हणून जातात आणि ऑफिसात हसं करून घेतात. गावात पहिला फोन वाण्याच्या दुकानात आला तेव्हा वाण्याने सगळ्यांना शिकवलं, की असा कानाला लावायचा आणि हॅलो म्हणायचं. पहिला फोन आला तो गावातल्या द्वारकीच्या मुलाचा. द्वारकीने तो कानाला लावला, तिकडून "आये" असं ऐकलं आणि ती म्हणाली, "येतंय." फोन तसाच टाकून ती धक्क्याकडे धावत सुटली होती, असं सांगतात. मुलगा होता भायखळ्याला.

मागे एक भाषेचे प्राध्यापक इथे उतरले होते, तुमच्यासारखेच, गाडी बिघडली म्हणून. त्यांनी मला हॅलो या शब्दाची जन्मकथा सांगितली. म्हणे, हा शब्द काही रामराम-नमस्काराचा नव्हता. फार वर्षांपूर्वी परमुलखात कोणी नदीच्या काठावर येऊन उभा राहायचा आणि पलीकडच्या तरवाल्याला ओरडून हाक मारायचा, मला घेऊन जा म्हणून. त्या हाकेपासून पुढे हा शब्द निघाला असं काही जाणकार मानतात. पुढे फोन निघाला, दूरच्या माणसाला हाक मारायची वेळ आली, तेव्हा तोच शब्द लोकांच्या तोंडी बसला. खरंखोटं ते जाणोत. मला मात्र पटलं. तरीवर जन्मलेला शब्द आहे म्हटल्यावर तो आमचा भाऊबंदच झाला. पण तोच शब्द आम्ही फोनवर का उच्चारत नाही, हे त्या प्राध्यापकांना ठाऊक नव्हतं. ते ह्या खाडीला ठाऊक आहे.

फार जुनी गोष्ट. कुठल्या राजाचं राज्य होतं ते विचारू नका, खाडीला राजा कळत नाही. तेव्हा ही तर भानू तारी चालवायचा. पलीकडे ते आडवण गाव दिसतं ना, तिकडून कोणी यायचं असलं की त्या काळ्या कातळावर उभा राहून हाक मारायचा, भानू दोर सोडायचा आणि घेऊन यायचा. उन्हाळ्यात सोपं काम. पण पौष-माघात सकाळी खाडीवर धुकं उतरतं. ते असं, की आपल्या हातातलं वल्हं दिसतं आणि त्याचं टोक दिसत नाही. त्या धुक्यात पलीकडून हाक येई आणि हाक मारणारा कोणी नसे.

तिला हाकेरीण म्हणत. कोणी म्हणत, ती ह्या खाडीत बुडालेली कुठलीशी बाई. कोणी म्हणत, ती बाईच नव्हे, खाडीची भूक. ती आपल्या माणसाच्या आवाजात बोलवते, असं सगळे मानत. भानूच्या बापाने, नागूने, तिची हाक ऐकली होती. त्याची बायको नुकतीच वारली होती. धुक्यातून तिच्याच आवाजात हाक आली आणि तो वेड्यासारखा होडी घेऊन गेला. होडी सापडली ती खाडीच्या तोंडाशी, उपडी. नागू सापडलाच नाही.

म्हणून मग गावाने रीत घातली. भूत दोनदा हाक मारतं, तिसरी हाक त्याला मारता येत नाही. तेव्हा धुक्यात तिसरी हाक ऐकल्याशिवाय होडी सोडायची नाही. ही रीत भित्र्यांची होती असं समजू नका. ज्यांची माणसं परत आली नव्हती त्यांनी ती घातली होती. नागूच्या म्हाताऱ्या आईने भानूला ह्याच धोंड्यापाशी उभं केलं, दोराची गाठ त्याच्या मुठीत दिली आणि वचन घेतलं, की तिसऱ्या हाकेआधी ही गाठ सोडणार नाही. भानूने दिलं. नातवाला जिवंत ठेवण्यासाठी म्हातारीने मागितलेलं वचन, ते कोण नाकारील?

त्या वचनावर पुष्कळ वर्षं बरी गेली. पलीकडच्या लोकांनाही सवय झाली. कातळावर उभं राहायचं, थोडं थांबून थांबून तीनदा ओरडायचं. मुलंसुद्धा खेळात तीनदा हाक मारत. भानूची एकुलती मुलगी येसू तर ह्या रितीतच वाढली. ती आडवणला दिली होती. नवरा दर्यावर जाणारा. माहेर आणि सासर समोरासमोर, मधे फक्त ही खाडी. संध्याकाळी ती कातळावर येऊन उभी राहायची, इकडून तिची आई पदर हलवायची, तेवढ्यावर दोघींचं भागायचं.

येसूला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं, आणि इथे तर आई, पार्वती, स्वतःच सुईण. दोन्ही गावांतली अर्धी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. अमावास्या टळली की लेकीला आणायचं असं ठरलं होतं. पण पोटातलं पोर काही पंचांग बघून हलत नाही. माघातल्या एका सकाळी, अमावास्येच्या आधीच, येसूला कळा सुरू झाल्या. नवरा दर्यावर होता. सासू गुडघ्यांनी अधू, ती शेजारच्या वाडीतून कोणाला तरी आणते म्हणून काठी टेकत निघाली. येसूने वाट पाहिली नाही. आई समोरच्या काठावर असताना तिने दुसऱ्या कोणाची वाट का पाहावी? ती भिंतीला धरत, झाडाला धरत कातळावर आली. खाडीवर धुकं होतं.

"बाबाऽऽ."

इकडे धक्क्यावर भानू होता, पार्वती होती, पलीकडे जाण्यासाठी थांबलेली चार माणसं होती. सगळ्यांनी हाक ऐकली. आवाज येसूचा होता हेही सगळ्यांनी ओळखलं, आणि त्यामुळेच सगळे गप्प झाले. अमावास्या व्हायची होती, मुलगी इतक्या सकाळी कातळावर यायचं काही कारण नव्हतं. आणि हाकेरीण आपल्या माणसाच्याच आवाजात बोलवते. भानूचा बाप असाच गेला होता. भानूने दोराच्या गाठीवर हात ठेवला आणि तो तसाच बसून राहिला.

पार्वती म्हणाली, "ह्यो आवाज कळांचो असा. होडी सोडा."

भानू म्हणाला, "तिसरी येवंदे."

पुन्हा हाक आली. पहिलीपेक्षा बारीक. पार्वती आता दोरापाशी गेली. ती खाली बसली आणि स्वतःच्या हातांनी गाठ सोडायला लागली. धुक्याने दोर भिजून गाठ दगडासारखी घट्ट झाली होती. भानूने तिचे दोन्ही हात धरले. त्या क्षणी त्याच्या मनात काय होतं हे कोणी सांगत नाही. मला विचाराल तर त्याला वाटत होतं, की तो बायकोला वाचवतोय. मी त्याच्या जागी असतो तर मीही कदाचित तिचे हात धरले असते, आणि हा विचार आला की मला उठून चालावंच लागतं.

तिसरी हाक येईना. भानू कान देऊन बसला होता. पाणी धोंड्यावर लागत होतं, कांदळाच्या झाडीत कुठे बगळा फडफडत होता, सगळं ऐकू येत होतं. ती चार माणसं म्हणाली, बघितलंस, भूतच ते, तिसरी मारता येत नाही त्याला. एकाने हात जोडून म्हातारीच्या नावाने आभार मानले. पार्वती हात सोडवायची थांबली. तिला कळलं होतं, की बाळ येत असताना बाईला हाक मारायला श्वास उरत नाही. पण ते तिने तोंडाने सांगितलं नाही. सांगून कोणी ऐकलं असतं, असं तिला वाटत नसावं.

मग धुक्यातून तान्ह्या पोराचं रडणं आलं.

तेवढ्यातही एक जण म्हणाला, की चकवा आहे, भूत आता रडून दाखवतंय. भानूने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो गाठीवर तुटून पडला. नखं निघाली, गाठ सुटेना. शेवटी त्याने कोयता घेतला आणि दोर कापला. ते दोघं होडीत कसे चढले आणि धुक्यातून कातळाला नेमके कसे लागले, ते म्हणे त्यांनाही नंतर आठवत नव्हतं.

येसू कातळाला टेकून बसली होती. भरतीचं पाणी तिच्या पायाशी आलं होतं. पोर तिने लुगड्याच्या ओच्यात, पाण्यापासून वर धरलं होतं. मुलगी होती. पार्वती पुढे झाली आणि तिने नाळ कापली, जे करायचं ते सगळं केलं, पण रक्त फार गेलं होतं. तिच्या हातांना ते कळलं. येसूने बापाकडे पाहिलं.

"बाबा, माजी हाक पावूक नाय?"

आता बघा, भानूला नाही म्हणता आलं असतं. धुकं आवाज खातं, वारा उलटा होता, काहीही सांगता आलं असतं. तिने विश्वास ठेवला असता. ती शांतपणे गेली असती. पण त्या माणसाला तेवढं खोटं जमलं नाही.

"पावली," तो म्हणाला.

येसू त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "मगे?"

एवढाच शब्द. भानूने तिला उचलून होडीत घेतलं. होडी अर्ध्या खाडीत असताना येसू गेली.

पुढे भानूला बसवेनासं झालं. जेवायलाही तो उभाच. दिवस उगवला की रिकामी होडी घेऊन तो पलीकडे जायचा आणि परत यायचा, पुन्हा जायचा. नातीला टोपलीत घालून, घोंगडीत गुंडाळून बरोबर न्यायचा. पार्वती शेळीचं दूध घेऊन धक्क्यावर उभी राहायची आणि होडी लागली की पोरीला पाजायची. ती नवऱ्याशी बोलायची नाही. लोक म्हणाले, भानूला वेड लागलं. कापलेला दोर त्याने पुन्हा धोंड्याला लावला तो नुसता गुंडाळून, आणि त्या दिवसापासून त्याला गाठ मारली नाही. धुक्यातून पहिली हाक आली की पुरी व्हायच्या आत तो ओरडायचा, "येतंय!" आणि निघायचा. माणूस असो नसो.

गावाला भीती वाटली. पंचांनी त्याला बोलावून विचारलं, की तू म्हातारीला दिलेलं वचन मोडतोस, रीत मोडतोस, उद्या हाकेरीण बोलावील आणि तू जाशील, सोबत चार उतारू बुडवशील. त्याचं काय? ह्यावर भानू जे बोलला ते आमच्याकडे अजून शब्दाला शब्द सांगतात.

"भुताची असली तरी हाक ती हाकच. तिका कोणी ओ देवक नाय, म्हणान ती अजून फिरता."

पंचांनी त्याला जाऊ दिलं. पण उतारूंनी धुक्यात त्याच्या होडीत बसणं सोडलं.

पुढच्या माघात हाकेरीणीने बोलावलं. धक्क्यावर माणसं होती, त्यांनी ती हाक ऐकली. कोणाचाच आवाज नव्हता तो. ना येसूचा, ना कोणाच्या मेलेल्या माणसाचा. नुसती एक हाक, थकलेली. भानू "येतंय" म्हणाला. नातीला त्याने पहिल्यांदाच पार्वतीच्या ओटीत दिलं आणि वेढे सोडले. पार्वतीने ह्या वेळी त्याला अडवलं नाही, आणि अडवावं असं तिला वाटलं होतं का, हे कोणाला माहीत नाही. होडी धुक्यात शिरली. मग पलीकडे वल्ह्याचा आवाज थांबला. बराच वेळ थांबला.

असं सांगतात, की होडी परत आली तेव्हा भानू एकटाच होता. पण होडी पाण्यात खोल बसली होती, चार माणसं बसल्यावर बसते तशी. भानू वल्हं मारून घामाघूम झाला होता. धक्क्याला लागली तशी होडी एका बाजूला कलली, जसं कोणी उतरताना कलते, आणि मग हलकी होऊन वर आली. कोणी दिसलं नाही. भानूने हात पुढे केला होता, उतरणाऱ्या बाईला आपण देतो तसा. पार्वतीने ते पाहिलं. ती पुढे आली आणि वर्षभरात पहिल्यांदा नवऱ्याशी बोलली. म्हणाली, "दमलात. चला घराक."

मी काही हे पाहिलेलं नाही. माझ्या आजीने तिच्या आजीकडून ऐकलं. पण त्यानंतर ह्या खाडीवर हाकेरीणीची हाक कोणी ऐकलेली नाही, एवढं खरं.

येसूच्या त्या मुलीचं नावही येसूच ठेवलं. ती वल्हं धरूनच मोठी झाली आणि भानूमागे ही तर तिनेच चालवली. आम्ही तिच्या वंशातले. लोक तारी घराणं म्हणतात, पण ते चालत आलं लेकीकडून. आमच्यात कोणी झोपताना दार लावत नाही आणि कोणी मांडी घालून जेवत नाही. हाक येते आणि पलीकडे कोणी नसतं असं अजूनही होतं. पोरं टवाळी करतात, कधी पक्षी असतो. अशा फेरीला आम्ही येसूची फेरी म्हणतो. शिव्या द्यायच्या नाहीत. कातळाला हात लावायचा, तिथे थोडं थांबायचं आणि परत यायचं. तिचे पैसे कोणाकडे मागायचे नाहीत.

आता त्या प्राध्यापकांना मी काय म्हणालो ते सांगतो. म्हटलं, सर, हॅलो ही पलीकडच्या काठावरची हाक ना? मग फोन करणारा हॅलो म्हणतो ते बरोबर आहे. पण फोन उचलणाराही हॅलोच म्हणतो. दोघे दोन काठांवर उभे राहून एकमेकांना हाका मारतायत, मग होडी सोडायची कोणी? ते हसले. जाताना त्यांनी घरी फोन लावला, तेव्हा त्या धोंड्याला हात लावून उभे होते.

तिकडे पूल झाला ते तुम्ही पाहिलंत, त्यावरूनच आलात. आडवणची माणसं आता पुलावरून येतात. ही तर बंद करा असं मलाही दोनदा सांगून झालं, आणि सांगणाऱ्यांचं काही चुकत नाही. दिवसच्या दिवस कोणी हाक मारत नाही. तुम्हाला वाटत असेल, म्हणून हा म्हातारा असा फिरतो, गिऱ्हाईक नाही म्हणून. तसं नाही हो. हाक येत नाही याचं मला काही नाही. पुलावरून गाड्या जातात, त्यांच्या आवाजात एखादी येऊन गेली असेल आणि मला ऐकू आली नसेल, याने माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. माझ्याजवळ तर भानूसारखं "पावली" म्हणायलाही तोंड नसेल.

आजही कांदळवेळात होडीला गाठ मारत नाहीत. आजही गावात कोणाचाही फोन वाजू दे, चुलीवरचं उतू जात असलं तरी माणूस आधी "येतंय" म्हणतो आणि मग विचारतो, कोण, कुठून, काय काम. पुष्कळदा जायचं नसतंच कुठे. पण समोरच्याला "मगे?" म्हणून विचारायची पाळी येऊ नये.

थांबा जरा. ऐकलंत? त्या कातळाकडून. नाही? तुमचे कान शहरी, तुम्हाला नाही यायचं ऐकू. किंवा वारा असेल. असू दे. तुमचा पंक्चरवाला आला तर त्याला माझा चहाही पाजा. येतंय! येतंय गो!